आमटी उतू गेली तेव्हाचा पिवळा

गेल्या रविवारी रामबागेतल्या आमच्या घरी आमटी उतू गेली. गॅसची निळी ज्योत भसकन पिवळी झाली आणि शेजारी उभी असलेली भाची ओरडली, "मामा, हळद जळतेय!"

तर्क चांगला होता, म्हणूनच तपासायला हवा होता. स्टीलचा चमचा मिठाच्या पाण्यात बुडवला, सांडशीत पकडला आणि ज्योतीच्या कडेला धरला. हळदीचा कणही नाही. पाणी चरचरलं, आटलं, टोकाशी मिठाचा पांढरा थर उरला, आणि त्याच्यावरून तोच पिवळा पट्टा सरसरत वर गेला.

हा रंग सोडियमचा. आचेने मिठातले सोडियमचे अणू सुटे होतात. प्रत्येक अणूत अकरा इलेक्ट्रॉन: आतल्या कवचात २, त्याबाहेर ८ आणि सगळ्यांत बाहेर एकटाच १. पिवळा रंग त्या एकट्याची करामत.

अणूतल्या इलेक्ट्रॉनला वाटेल तेवढी ऊर्जा बाळगता येत नाही, त्याच्या पातळ्या ठरलेल्या असतात, हे डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांनी १९१३ साली हायड्रोजनच्या बाबतीत मांडलं. भाचीला मी आपल्या इंदूरच्या राजवाड्याचे सात मजले आठवायला सांगितले. तिसऱ्या मजल्यावर उभं राहता येतं, चौथ्यावरही, साडेतिसऱ्यावर नाही. उपमा इथवरच चालते. अणूत वर जावं तसे मजले एकमेकांच्या जवळ येत जातात. आणि इलेक्ट्रॉन काही ग्रहासारखा गोल फिरत नसतो; मुलांच्या मनात ते चित्र घट्ट बसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ज्योतीत धक्के खाऊन सोडियमचा तो बाहेरचा इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर चढतो. तिथे त्याचा मुक्काम सेकंदाच्या सुमारे सहा कोटीव्या भागाइतका. खाली येताना दोन पातळ्यांमधली ऊर्जा, साधारण २.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप), तो प्रकाशाच्या एका कणाच्या रूपात टाकून देतो. या प्रकाशाची तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर, म्हणजे डोळ्यांना पिवळा. लोलकातून हा प्रकाश पसरवला तर ठरलेल्या जागी पिवळी रेघ दिसते. बारकाईने पाहिलं तर ती जोडरेघ आहे: ५८९.० आणि ५८९.६. मीठ कुठलंही असो, सोडियमच्या पातळ्या त्याच, म्हणून रेघांची जागाही तीच.

या 'तीच'मध्ये केवढी ताकद आहे! १८ ऑगस्ट १८६८ला भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसलं. गुंटूरला आलेल्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन यांनी सूर्याच्या कडेला उसळणाऱ्या ज्वालांच्या प्रकाशात ठळक रेघा पाहिल्या. या ज्वालांमधली पिवळी रेघ सोडियमचीच वाटावी अशी. पण नीट मोजल्यावर ती भरली ५८७.६ नॅनोमीटर. फरक जेमतेम दीडचा. बोर तेव्हा जन्मलेही नव्हते, पण सोडियमची रेघ जागा सोडत नाही हे ठाऊक झालं होतं. मग हे मूलद्रव्य दुसरंच, असं इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी ठरवलं. सूर्याच्या ग्रीक नावावरून ते झालं हेलियम. पृथ्वीवर ते हाती लागायला १८९५ साल उजाडलं.