साथीच्या आधीपासून तिथे असलेली माणसं

मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला आणि पाठोपाठ सरकारी धान्याच्या घोषणा झाल्या. शिवभोजन थाळी दहा रुपयांवरून पाच रुपयांवर आली. रेशनवर माणशी पाच किलो मोफत तांदूळही मिळू लागला. पण तांदळाला रेशनकार्ड लागतं, रेशनकार्डाला पत्त्याचा पुरावा लागतो, आणि पुण्याच्या बुधवार पेठेत, मुंबईच्या कामाठीपुऱ्यात किंवा सांगलीच्या गोकुळनगरात देहविक्री करून खोलीचं भाडं रोजच्या रोज मोजणाऱ्या बाईला तो पुरावा कोण देणार? या वस्त्यांमध्ये पहिल्या आठवड्यांत पोचलेला कोरडा शिधा मुख्यतः तिथल्याच छोट्या संस्थांनी आणि मंडळांनी पोचवला. त्यातल्या बऱ्याच संस्था कोविडसाठी निघालेल्या नव्हत्या. त्या आधीपासून तिथेच होत्या, आणि कामाला लागल्या होत्या भलत्याच कारणासाठी.

महाराष्ट्रात हे पूर्वीही असंच घडलेलं आहे. त्याचा माग काढायचा तर १८७६-७७ च्या दुष्काळापर्यंत जावं लागतं. सावित्रीबाई फुले तेव्हा जुन्नर भागात फिरत होत्या. २० एप्रिल १८७७ ला ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी उपाशी गावं, सावकारांची दांडगाई आणि सत्यशोधक कार्यकर्त्यांची धडपड कळवली आहे. त्याच काळात पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी बालाश्रम उघडला गेला. वर्गणी कशी गोळा करायची, धान्य कुठून आणायचं, कुणाच्या घरात चूल पेटलेली नाही हे कसं ओळखायचं, हे सगळं सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी दुष्काळात शिकून घेतलं होतं. वीस वर्षांनी प्लेग आला तेव्हा ते उपयोगी पडलं.

प्लेग १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला उघडकीस आला आणि थोड्याच महिन्यांत पुण्यात शिरला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. (महाराष्ट्र सरकारने मार्च २०२० मध्ये बाहेर काढला तो हाच कायदा.) त्यानंतर पुण्यात गोऱ्या सोजिरांकडून घरझडत्या झाल्या, त्यातून रँडचा खून झाला, आणि इतिहासाच्या पुस्तकात प्लेगचं प्रकरण बहुतेक तिथेच संपतं. दवाखान्यांची गोष्ट मात्र मागे राहते. सरकारी प्लेग हॉस्पिटलची लोकांना इतकी धास्ती होती की मुंबईत जातीजातींनी आपापली हॉस्पिटलं काढली. पारशांचं वेगळं, भाटियांचं वेगळं, जैनांचं वेगळं. पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग हॉस्पिटल निघालं. आपल्या माणसांच्या हातचं पाणी मिळेल, सोवळंओवळं सांभाळलं जाईल, या भरवशावर लोक तिथे जाऊ लागले. याने जीव वाचले, हे मान्यच करायला हवं. पण ज्या जातीत हॉस्पिटल काढायला शेठ नव्हता, त्या जातीचा रुग्ण कुठे जाणार होता?

सावित्रीबाई आणि त्यांचा दत्तक मुलगा डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर ससाणे मळ्यात दवाखाना काढला तो नेमका अशांसाठी. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या गायकवाड कुटुंबातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई दवाखान्यात आल्या, त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. हा प्रसंग आपण शाळेपासून त्यागाची कथा म्हणून ऐकतो. मला त्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. महारवाड्यात कोण आजारी आहे हे त्यांच्यापर्यंत पोचत होतं, आणि घरचे लोक आपलं पोर त्यांच्या हवाली करत होते. सरकारी माणूस आला की रोगी लपवण्याचा तो काळ. असा विश्वास कमवायला त्यांची जवळजवळ पन्नास वर्षं गेली होती.

१९१८ चा इन्फ्लुएन्झा जूनमध्ये मुंबईत आला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेत त्याने शहर अक्षरशः झोपवलं. ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षीचे जातवार आकडे आजही अंगावर येतात. ज्यांची नोंद ‘खालच्या जातीचे हिंदू’ अशी झाली, त्यांच्यात हजारी ६१.६ माणसं गेली. सवर्ण हिंदूंमध्ये हे प्रमाण १८.९ होतं, पारशांत ९ आणि युरोपियनांत ८.३. जंतू तोच होता, पण एका खोलीत किती जण झोपतात आणि ताप असताना कामावर जावं लागतं का, यावर मरण ठरत होतं.

सरकारी यंत्रणा महायुद्धात अडकली होती आणि बरेच डॉक्टर फौजेत गेले होते. अशा वेळी चाळींमध्ये औषध आणि दूध घेऊन जे स्वयंसेवक फिरले, त्यांत सोशल सर्व्हिस लीगची माणसं होती. नारायण मल्हार जोशींनी १९११ मध्ये सुरू केलेली ही संस्था. गिरणगावात तिचं काम होतं रात्रशाळा, वाचनालयं आणि पतपेढ्यांचं. साथीशी त्याचा काही संबंध नव्हता. पण कुठल्या चाळीत कोण राहतं हे रात्रशाळेच्या मास्तरला ठाऊक होतं. लोअर परळच्या ना. म. जोशी मार्गावरून रोज जाणाऱ्यांना जोशी ठाऊक असलेच तर कामगार पुढारी म्हणून ठाऊक असतात, हे काम मात्र विस्मरणात गेलं.

मग एचआयव्ही आला. भारतात त्याचं निदान १९८६ मध्ये झालं आणि नव्वदच्या दशकात कामाठीपुऱ्याकडे बोट दाखवणारे पुष्कळ निघाले. त्याच सुमारास ‘प्रेरणा’ या संस्थेने कामाठीपुऱ्यात तिथल्या बायकांच्या मुलांसाठी रात्रीचं पाळणाघर सुरू केलं. नगरला १९८९ मध्ये ‘स्नेहालय’ उभं राहिलं. सांगलीत १९९२ मध्ये ‘संग्राम’चं काम सुरू झालं आणि त्यातूनच १९९६ मध्ये धंद्यातल्या बायकांची स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ निघाली. पुण्यातही बुधवार पेठेतल्या बायकांनी ‘सहेली संघ’ बांधला. या कामाची पद्धत सगळीकडे साधारण एकच होती. बाहेरून भाषण द्यायला कुणी येण्यापेक्षा त्याच गल्लीतली बाई दारोदार जाऊन निरोध वाटणार, तपासणीला घेऊन जाणार, एचआयव्ही आटोक्यात ठेवणाऱ्या एआरटीच्या गोळ्या वेळेवर घेतल्या का विचारणार. तिच्या वहीत गल्ली, इमारत, मजला आणि नाव असायचं. नाव अनेकदा खोटं असायचं, आणि ते खोटं आहे हे तिला माहीत असायचं.

२०२० मध्ये हीच वही बाहेर आली. शिधावाटप लांबून सोपं दिसतं. पीठ, तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहा पावडर, मीठ, साबण, सॅनिटरी पॅड हे सगळं पिशवीत भरायचं आणि द्यायचं. प्रत्यक्षात कुणाच्या खोलीत गॅस नाही हे माहीत असावं लागतं, कारण तिला कच्च्या डाळीचा उपयोग नाही, तिला शिजलेलं अन्न हवं. घरवालीच्या, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईच्या, हातात दहा पिशव्या दिल्या तर दहाही बायकांना मिळतीलच असं नाही, म्हणून शिध्याची चिठ्ठी ज्या त्या बाईच्या हातात द्यावी लागते. भाडं थकलेलं असतं, खासगी सावकाराचं व्याज चालू असतं, त्यामुळे मिळालेलं धान्य विकलं जाऊ नये यासाठी घरमालकाशीही बोलावं लागतं. एआरटी घेणाऱ्यांची गोष्ट आणखी नाजूक. गोळ्या एकेका महिन्याऐवजी तीन-तीन महिन्यांच्या द्याव्यात, अशी मुभा नाकोने (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने) दिली, ते फार चांगलं झालं. पण बस बंद, रिक्षा बंद, नाक्यावर पोलीस, आणि कुठे चाललीस या प्रश्नाचं खरं उत्तर देता येत नाही, अशा बाईपर्यंत त्या गोळ्या संस्थेच्या कार्यकर्तीलाच न्याव्या लागल्या.

असाच धागा कचरावेचकांच्या बाबतीत सापडतो. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे. पंचायतीच्या ओळखपत्रांवर महापालिकेचा शिक्का मिळवायला तेव्हा मोठी झुंज द्यावी लागली होती. लॉकडाउनमध्ये दारोदार कचरा उचलायला बाहेर पडणाऱ्या बायकांना पोलिसांसमोर दाखवायला हातात काही तरी होतं, ते त्या झुंजीमुळे.

ज्या संस्थांवर इतकं अवलंबून राहावं लागलं, त्यांची पैशाची वाट मात्र त्याच वर्षी अरुंद झाली. मार्चअखेर पीएम केअर्स निधी स्थापन झाला आणि त्यात दिलेली देणगी कंपन्यांच्या सीएसआर म्हणजे सामाजिक दायित्वाच्या खर्चात धरली जाईल असं ठरलं. मुख्यमंत्री निधीला ती सवलत मिळाली नाही. कंपन्यांचा बराच पैसा त्यामुळे दिल्लीकडे वळला. सप्टेंबरमध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि खातं उघडायचं ते स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या एकाच शाखेत. मोठ्या संस्थेकडून दोन-चार लाख घेऊन एखाद्या तालुक्यात काम करणाऱ्या छोट्या संस्थेचा नळच बंद झाला. प्रशासकीय खर्च म्हणून जे कापलं गेलं, त्यात पगाराचाही मोठा भाग होता. साथीच्या ऐन मध्यात हे करण्याचं समर्थन मला कुठेही सापडलेलं नाही.

ही दुरुस्ती लागू झाली २९ सप्टेंबर २०२० ला. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने देहविक्री करणाऱ्या महिलांना ओळखपत्राचा आग्रह न धरता कोरडा शिधा द्या, असा आदेश राज्यांना दिला. कोलकात्याच्या दुर्बार महिला समन्वय समितीने त्यासाठी अर्ज केला होता. महाराष्ट्राने पुढे ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांसाठी दरमहा ५,००० रुपये आणि मूल शाळेत जात असेल तर वर २,५०० रुपये जाहीर केले. या बायका ओळखायच्या कशा? न्यायालयाने बोट दाखवलं ते नाकोच्या यादीकडे. ती यादी तयार झाली होती गल्लीगल्लीतून निरोध वाटत फिरणाऱ्या बायकांच्या त्याच नोंदींवरून. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने याच यादीच्या आधारे रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र आणि आधार देण्याची प्रक्रिया सुरू करायला सांगितलं.

कुंटणखान्यात न राहता लॉजवर किंवा घरूनच, फोनवर धंदा करणाऱ्या बायकांपैकी अनेक जणी या यादीत कधी आल्याच नाहीत. आपलं नाव कुठे नोंदलं जाऊ नये म्हणूनच त्या तशा राहतात. त्यांच्यासाठी न्यायालयाचा आदेश असला तरी यादी नाही. त्यांच्यापर्यंत पोचायचं तर आधी त्यांच्या ओळखीची एखादी बाई कामावर नेमावी लागते, आणि तिचा पगार अनेकदा प्रशासकीय खर्चातच धरला जातो.