डंपरचे रबरी टायर करंट अडवत नाहीत
खाणीत वर्षानुवर्षे ऐकू येते: "टायर रबराचे आहेत, वर उचललेला हौदा डोक्यावरच्या विजेच्या तारेला लागला तरी काही होत नाही." हे साफ चूक आहे. टायरच्या रबरात काजळी असते, आत पोलादी तारा असतात. 11 किंवा 33 केव्हीला, म्हणजे 11 किंवा 33 हजार व्होल्टला, ते अडवत नाहीत. शिवाय करंटमुळे आतून पेटलेला टायर काही तासांनीही बॉम्बसारखा फुटतो. म्हणून लाइन बंद झाल्यावरही 24 तास गाडीच्या 300 मीटरच्या आत कुणी फिरकू नये.

ड्रायव्हर वाचतो तो केबिनमध्ये, कारण गाडीचा सगळा सांगाडा एकाच व्होल्टेजवर असतो. एक पाय पायरीवर, दुसरा जमिनीवर, की माणूस गेलाच. लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत आत बसा. आग लागलीच तर गाडीला न धरता, पाय जुळवून उडी मारा आणि पावले न उचलता घासत दूर सरका.

हौदा पूर्ण खाली बसल्याशिवाय गाडी हलवूच नका. तारेच्या दोन्ही बाजूंना उंचीची कमान, म्हणजे उंच गाडी आधीच अडवणारी चौकट, हवी. तारेखाली भराव टाकून रस्ता उंच केला, की तारेच्या उंचीचे जुने मोजमाप रद्द समजा. उन्हात तार आणखी झोळते.