कल्चर स्वच्छ, तरी शू करताना रडू

चार वर्षांची मुलगी शू करताना ‘दुखतंय’ म्हणून रडते. घरात निदान तयारच असतं: उन्हाळी लागली. मग धण्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, आणि उतार पडला नाही की दवाखाना. तिथे पहिली शंका संसर्गाची येते आणि ती रास्तही आहे. पण लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, काहीच उगवलं नाही, तर अँटिबायोटिकचा आणखी एक कोर्स माझ्या मते वाया. त्यापेक्षा आईला विचारावं: पोर रात्री ढुंगण खाजवते का?

‘हो’ म्हणाली, तर बहुधा सुतकृमी, म्हणजे आतड्यातले बारीक जंत. पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखी, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची मादी मूल झोपलं की गुदद्वाराबाहेर येऊन हजारो अंडी घालते. मुलींमध्ये काही माद्या तिथून पुढे योनीकडे सरकतात. मग लाली, जळजळ, कधी अंथरुणात शू. शौचाच्या तपासणीत हे बहुधा निसटतं, कारण अंडी बाहेर कातडीवर असतात. म्हणून सकाळी उठल्याबरोबर, शी-आंघोळीच्या आधी, पारदर्शक चिकटपट्टी तिथे दाबून काचपट्टीवर लावायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. रात्री टॉर्च मारला तर जंत वळवळतानाही दिसतात. किळसवाणं खरं, पण फुकटात निदान! डॉक्टर अल्बेंडाझोल किंवा मेबेंडाझोल देतात आणि २ आठवड्यांनी पुन्हा एक डोस, कारण पहिल्यातून अंडी वाचलेली असतात. औषध घरातल्या सगळ्यांनी एकदमच घ्यायचं. कुणी गरोदर असेल तर आधी सांगायचं. नखं बारीक कापायची, चादरी गरम पाण्यात धुवायच्या.

काही वेळा दोष जन्मजात असतो. मुलगी वेळच्या वेळी नीट शू करते, तरी चड्डी दिवसभर ओलसरच, तर एखादी मूत्रवाहिनी (किडनीतून लघवी खाली आणणारी नळी) मूत्राशयाऐवजी खाली भलतीकडे उघडत असू शकते. अशा मुलीला रागावून काय होणार? तिला ऑपरेशन लागतं. मुलग्याची धार बारीक, थेंबथेंब, कुंथून होत असेल, तर मूत्रमार्गात झडपेसारखा पडदा असू शकतो. तो दुर्बिणीतून कापता येतो, पण उशीर झाला तर किडन्या खराब होतात. चालू धार मधेच तुटून पोर कळवळत असेल, तर मूत्राशयातला खडा सोनोग्राफीत शोधावा.

आणि रात्री कोरडं राहणारं मूल अचानक पुन्हा गादी ओली करू लागलं, घटाघटा पाणी पितंय, वजन उतरतंय, तर बोटातून थेंबभर रक्त काढून साखर त्याच दिवशी बघावी. टाइप १ मधुमेहात पुढच्या उलट्या आणि धाप लागायला थोडे दिवसही पुरतात.