स्तनाच्या गाठी आणि बिघडलेले पेशीचक्र: पार्श्वभूमी

स्तनाच्या कर्करोगावरच्या पॅल्बोसिक्लिबसारख्या गोळ्यांची पाळेमुळे यीस्ट आणि समुद्री जीवांच्या अंड्यांपर्यंत जातात. १९७०च्या सुमारास लेलँड हार्टवेल यांनी यीस्टमधली अशी जनुके हुडकली की ती बिघडली की पेशीचे विभाजन ठरावीक टप्प्यावर अडते. पॉल नर्स यांनी यीस्टच्या दुसऱ्या जातीत हे काम पुढे नेले. १९८२मध्ये अमेरिकेतल्या वुड्स होल इथे टिम हंट सी अर्चिन या काटेरी समुद्री जीवाच्या फलित अंड्यांत किरणोत्सारी मेथिओनीन (प्रथिनांचा एक घटक) मिसळून थोड्या थोड्या वेळाने नमुने घेत होते. नव्या प्रथिनांच्या किरणोत्साराने फिल्मवर पट्टे उमटत, आणि बहुतेक पट्टे गडद होत गेले. एक पट्टा मात्र पेशी दुभंगण्याच्या बेतात असताना पुसट व्हायचा आणि नंतर पुन्हा उमटायचा. त्या पट्ट्यातले प्रथिन म्हणजेच सायक्लिन. २००१चे वैद्यकशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले.

कर्करोगाशी धागा जुळला तो १९९१मध्ये. पॅराथायरॉइड ग्रंथीच्या गाठींचा अभ्यास करताना ११व्या गुणसूत्रावरचे एक जनुक हाती लागले, ते सायक्लिन डी१ या सायक्लिनच्या एका प्रकाराचे निघाले. गुणसूत्राच्या याच भागाच्या जादा प्रती स्तनाच्या काही गाठींत आधीच दिसल्या होत्या. अशा जादा प्रती साधारण १५ टक्के गाठींत असतात. प्रथिन मात्र निम्म्याच्या आसपास गाठींत वाढलेले दिसते. म्हणजे जनुकाच्या प्रती वाढणे हे एकच कारण नव्हे. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरकही सायक्लिन डी१चे उत्पादन वाढवते.

हे सायक्लिन सीडीके४ आणि सीडीके६ या एन्झाइमांना कामाला लावते. ती आरबी या विभाजन रोखून धरणाऱ्या प्रथिनावर फॉस्फेट चढवतात, आरबीची पकड सुटते आणि पेशी डीएनएची नक्कल करू लागते. पी१६ हे प्रथिन एरवी या एन्झाइमांना आवर घालते.

१९९४मध्ये स्तनग्रंथीत जादा सायक्लिन डी१ बनवणाऱ्या उंदरांना कर्करोग झाला. पण माझ्या मते खरा पुरावा २००१चा: सायक्लिन डी१ नसलेल्या उंदरांत न्यू किंवा रास या कर्करोगकारक जनुकांमुळे होणारा स्तनाचा कर्करोग झालाच नाही. मिक आणि डब्ल्यूएनटी१ या जनुकांमुळे होणारा मात्र झाला. सगळ्या गाठी याच वाटेने जात नाहीत, हे तेव्हाच दिसले होते.

२००९मध्ये लॉस एंजेलिसच्या गटाने दाखवले की सीडीके४ आणि सीडीके६ यांना अडवणाऱ्या पॅल्बोसिक्लिबचा सर्वाधिक परिणाम इस्ट्रोजेन रिसेप्टर (इस्ट्रोजेनचा संदेश घेणारे प्रथिन) असलेल्या पेशींवर होतो. फेब्रुवारी २०१५मध्ये लेट्रोझोल या इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या औषधासोबत देण्यासाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. ज्या चाचणीच्या आधारे ती मिळाली, तिच्या दुसऱ्या भागात सायक्लिन डी१च्या जादा प्रती किंवा पी१६चा अभाव असलेल्या रुग्णच निवडल्या होत्या. त्यांना इतरांपेक्षा जास्त लाभ होईल हा तर्क अगदी सरळ होता, पण तो फसला. त्यामुळे हे औषध कोणाला द्यायचे हे आजही मुख्यतः इस्ट्रोजेन रिसेप्टर पाहूनच ठरते. ज्या गाठीत आरबीच उरलेले नाही, तिथे सीडीके४ आणि सीडीके६ अडवूनही विभाजन थांबत नाही.