गोफणीतला गोटा नेमका कुठे जातो?

ज्वारीच्या कणसांत दाणा भरू लागला की पाखरांचे थवे उतरतात आणि माळ्यावरचा राखणदार गोफण उचलतो. दोराचं एक टोक बोटात अडकवलेलं, दुसरं मुठीत, मधल्या पट्ट्यात गोटा. डोक्याभोवती दोन-तीन फेरे, मुठीतलं टोक सुटतं आणि गोटा सणसणत निघतो. आता नेम समोर असेल तर टोक कधी सोडायचं? गोटा समोर आल्यावर, असं वाटतं. पण तसं केलं तर तो भलत्याच बाजूला जातो. गोटा खांद्याच्या रेषेत, अंगाच्या बाजूला असतानाच दोर सोडावा लागतो.

वर्तुळाकार गतीचं मर्म मला या एका कसबात दिसतं. गोट्याला कुणी बाहेर ओढत असतं, तर सुटल्यावर तो हातापासून थेट दूर गेला असता. तो जातो स्पर्शिकेवरून, म्हणजे सुटताना जिकडे चालला होता तिकडेच. त्याची वाट सरळच असते; दोर त्याला क्षणोक्षणी आत, हाताकडे वळवतो. हे आत ओढणारं बल म्हणजे अभिकेंद्री बल. बाहेरची ओढ जाणवते ती आपल्या हाताला, गोट्याला नव्हे. न्यूटनने १६८७ च्या ग्रंथात या बलाची व्याख्या करताना गोफणीतल्या दगडाचाच दाखला दिला आहे.

चाल तीच राहिली तरी दिशा बदलते, म्हणून वेग बदलतो; वेगात चालीबरोबर दिशाही आली. म्हणून त्वरणही, म्हणजे वेगात दर सेकंदाला होणारा बदलही, असतं. ते किती? चालीचा वर्ग भागिले त्रिज्या. एक मीटर त्रिज्येत सेकंदाला दोन फेरे घेतले, तर १०० ग्रॅमचा गोटा आत वळवायला सुमारे १.६ किलो वजनाइतकी ओढ लागते. तीन फेरे घेतले तर ३.६ किलो! फेरे दीडपट, ओढ सव्वादोनपट.

हा वर्ग घाटात जिवावर बेततो. तिथे दोराचं काम टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण करतं. ३० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर ताशी ३६ किलोमीटरला लागणारं बल गाडीच्या वजनाच्या एक तृतीयांश असतं. ताशी ५४ ला ते पाऊण वजनाइतकं होतं. पावसाने ओला झालेला रस्ता एवढी पकड देत नाही. ‘गाडी बाहेर फेकली गेली’ असं आपण म्हणतो. खरं तर गाडी सरळ गेली, रस्ता वळला.

चंद्राला ना दोर, ना रस्ता. त्याला गुरुत्वाकर्षण वळवतं. पृथ्वीच्या केंद्रापासून तो साधारण ६० पृथ्वी-त्रिज्या दूर आहे आणि २७.३ दिवसांत एक फेरी पुरी करतो. वरच्याच सूत्राने त्याचं त्वरण काढलं, तर ते झाडावरून पडणाऱ्या फळाच्या त्वरणाच्या ३६०० व्या भागाइतकं येतं, आणि ३६०० म्हणजे ६० चा वर्ग. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटणारं गुरुत्वाकर्षण न्यूटनने याच हिशेबाने पडताळलं. फळ पहिल्या सेकंदात ४.९ मीटर खाली येतं. चंद्र आपल्या सरळ वाटेपासून एका सेकंदात पृथ्वीकडे झुकतो जेमतेम १.४ मिलिमीटर.