रिकामा इंजेक्टर आउटपुट आणि रिकामा इग्निशन आउटपुट: दिसायला सारखे, दम वेगळा

वावरात फिरवायला आम्ही जुन्या एस्टीमचं चार सिलेंडरचं इंजिन टाकून एक बग्गी बनवली. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, बाहेरून घेतलेला, लॅपटॉपवरून सेट करायचा. पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरसाठी चार आउटपुट, ठिणगीसाठी चार इग्निशन आउटपुट, आठही गुंतलेले. मे महिन्यात यवतमाळकडे पारा ४५ ला टेकला आणि एका फॅननं भागेना. दुसरा लावायचा, तर त्याच्या रिलेला (थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आउटपुट आणायचा कुठून?

मी सोपी वाट धरली. १-३-४-२ च्या फायरिंग ऑर्डरमध्ये १ आणि ४ चे पिस्टन सोबत वर येतात, २ आणि ३ चे सोबत. मग जोडीला एकदमच ठिणगी द्यायची. एका सिलेंडरमध्ये ती कामी येते, दुसऱ्यात तेव्हा एक्झॉस्ट चालू असतो, तिथली वाया जाते. हाच वेस्टेड स्पार्क. इंजिनला फरक कळतही नाही आणि दोन इग्निशन आउटपुट मोकळे होतात. त्यातल्या चौथ्यावर रिले जोडला: कॉइलच्या ८६ नंबरच्या पिनला १२ व्होल्ट, ८५ नंबरची ईसीयूकडे. लॅपटॉपवर फॅन चालू केला. रिले एकदा अर्धवट टिकटिकला, मग गप्प. आउटपुट मेला होता.

विहिरीवरच्या मोटरचं उदाहरण घ्या, राजेहो. इंजेक्टर आउटपुट म्हणजे स्वतः स्टार्टर ओढणारा हात. इंजेक्टरला १२ व्होल्ट कायम मिळत असतात, ईसीयू फक्त दुसरं टोक अर्थ करतो. १२ ते १६ ओहमच्या इंजेक्टरमधून साधारण एक अँपिअर जातो आणि तो पेलायलाच हा आउटपुट बनलेला असतो. रिलेच्या कॉइलला लागतात जेमतेम १५० मिलीअँपिअर. त्याच्यासाठी हे काम किरकोळ.

इग्निशन आउटपुट म्हणजे धुऱ्यावरून हाक: "काकाजी, मोटर चालू करा न जी!" स्टार्टर ओढणार काकाजी, म्हणजे इग्नायटर किंवा आत इग्नायटर असलेली स्मार्ट कॉइल. बऱ्याच ईसीयूत ही हाक म्हणजे फक्त ५ व्होल्टचा इशारा. मी रिलेतून त्याच तारेत उलटे १२ व्होल्ट घुसवले, मग काय होणार! काही ईसीयूत हा आउटपुट १२ व्होल्टचा असतो, काहींत तो अर्थही करू शकतो. पण मॅन्युअलमध्ये अँपिअरचा आकडा पाहिल्याशिवाय रिले लावू नका. इशाराच वापरायचा असेल, तर मधे ५ व्होल्टवर चालणारा मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, टाकावा लागतो.

उलट दिशेची गफलत महागात पडते. इंजेक्टर आउटपुटवरून ठिणगीची कॉइल चालवायला गेलात आणि सिग्नल उलटा बसला, तर कॉइल सतत चालू राहून जळते. सेटिंग बदलताना कॉइलचे कनेक्टर काढूनच ठेवा.

म्हणून मी इंजेक्टरची जोडी लावली: १ आणि ४ एका आउटपुटवर, २ आणि ३ दुसऱ्यावर. मोकळ्या झालेल्या चौथ्या इंजेक्टर आउटपुटवर रिले जोडला. एका आउटपुटवर दोन इंजेक्टर म्हणजे दोन अँपिअर, तेवढी क्षमता आधी तपासली. दोन-तीन ओहमचे इंजेक्टर असते तर हा खेळ केलाच नसता. आयडलिंग थोडं खडबडीत झालं, वावरात कोण पाहते!

तरी पहिल्या चाचणीत रिले करकरत राहिला, टोळ ओरडावा तसा. वायरिंग बदललं होतं, पण सॉफ्टवेअरमध्ये इंजेक्शन अजून सिक्वेन्शिअलच, म्हणजे चारही इंजेक्टर वेगवेगळे चालवणारं, होतं. ईसीयूच्या लेखी तो चौथा इंजेक्टरच, म्हणून तो त्याला पल्स देत होता. आधी मोड बदलला, मग तो आउटपुट फॅनला दिला. इंजिन बंद ठेवून टेस्ट केली, तर स्वच्छ 'टक्' ऐकू आली. फॅनचे दहा-बारा अँपिअर रिलेच्या ३० आणि ८७ नंबरच्या पिनांमधून जातात, ईसीयूतून नाही.

इग्निशनचा तो चौथा आउटपुट अजून मेलेलाच आहे. त्याच्या तारेवर लाल टेप गुंडाळून ठेवली आहे.