तेर्रा इन बोक्का

‘तेर्रा इन बोक्का’ म्हणजे ‘तोंडात माती’. मिलानच्या ‘ई जिगान्ती’ या पॉप बँडची ही १९७१ सालची दीर्घ तबकडी. ‘एका गुन्ह्याचे काव्य’ हे तिचे उपशीर्षक. सिसिलीच्या एका गावातले पाणी, त्यावर हुकमत गाजवणारा माफिया आणि त्या पाण्यापायी झालेला एका तरुणाचा खून ही तिची कथा. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचे रॉक संगीत. त्याच्या इटालियन शाखेत या बँडने टाकलेले पाऊल ते एवढेच. मात्र ते इतके ठाम होते की बँडची इतर सगळी गाणी विसरली गेली तरी ही तबकडी ऐकली जावी.

ई जिगान्ती १९६४ साली एकत्र आले. मिनो आणि सेर्जो दी मार्तिनो हे भाऊ, कीबोर्डवर फ्रान्चेस्को मार्सेल्ला आणि ड्रमवर खर्जातल्या आवाजाचा एन्रिको मारिया पापेस. चौघेही गात आणि चौघांच्या आवाजांची सरमिसळ हीच त्यांची ओळख होती. १९६७ च्या सानरेमो या इटालियन गीतस्पर्धेच्या महोत्सवात त्यांच्या ‘प्रोपोस्ता’ या गाण्याला तिसरे स्थान मिळाले. तोफांमध्ये फुले भरा, असे त्याचे धृपद सांगते. त्याच्या एका कडव्यात ओतीव लोखंडावर राबणारा कामगार चक्क मिलानच्या बोलीत तुटपुंज्या पगाराचे गाऱ्हाणे गातो. वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळ्या आवाजांत बोलते करण्याची हातोटी त्यांच्याकडे तेव्हाच होती. चार वर्षांनी तीच खरी कामी आली.

१९७० च्या सुमारास इटलीतली बीट संगीताची, म्हणजे गिटार-ड्रमवरच्या छोट्या ठेकेदार पॉप गाण्यांची, लाट ओसरत होती. तीन मिनिटांच्या गाण्यांवर वाढलेले वादक लांब पल्ल्याच्या, सलग रचनांकडे वळू लागले होते. ‘ले ओर्मे’ आणि ‘न्यू ट्रोल्स’ यांनी हा बदल पचवला आणि ते पुढे गेले. ‘दिक दिक’ने १९७२ मध्ये एक दीर्घ रचना करून पाहिली, ‘पूह’ने १९७३ मध्ये. हे दोन्ही बँड मुळात पॉपचेच राहिले. ई जिगान्तींची गोष्ट निराळी, कारण त्यांनी नव्या शैलीबरोबर विषयही असा निवडला की ज्यावर तेव्हा गाणे तर सोडाच, उघड बोलायलाही लोक कचरत.

शीर्षकातच मोठी खुबी आहे. आपण तोंडात मिठाची गुळणी धरतो, तसे इटालियन माणूस तोंडात पाणी धरतो. ‘आक्वा इन बोक्का’ म्हणजे कुठे वाच्यता करू नकोस. इथे पाण्याच्या जागी माती आली. जे गाव पाण्यासाठी तडफडते आहे, तिथे गप्प बसलेल्याच्या तोंडात पाणी नाही आणि बोलणाऱ्याच्या तोंडात पडते ती थडग्यातली माती. कथेला इतिहासाचा आधारही आहे. सिसिलीची राजधानी पालेर्मो हिच्याभोवतीच्या कोंका द’ओरो या खोऱ्यातल्या लिंबू-संत्र्यांच्या बागांमध्ये पाण्याच्या पाळ्या ठरवणारी आणि राखण करणारी माणसे हाताशी धरूनच माफियाने आपला जम बसवला होता.

रिफी कंपनीने काढलेल्या या तबकडीत सुटी गाणी नाहीत. छोटे छोटे तुकडे एकमेकांत मिसळत जातात, एकच सुरावट रूप बदलून परत परत येते, मधेच बोललेले संवाद येतात. एका तुकड्याचे नाव ‘प्लिम प्लिम’ असे बडबडगीतासारखे, तर दुसऱ्या एकाच्या नावात एका म्हणीचा पूर्वार्ध आहे : मांजर चरबीपाशी सारखी जात राहिली की... ‘शेवटी पंजा गमावून बसते’ हा उत्तरार्ध इटालियन श्रोता मनातल्या मनात पुरा करतो. बँडच्या जोडीला कीबोर्डवर विन्चे तेम्पेरा, बासवर आरेस ताव्होलात्सी आणि ड्रमवर एल्लादे बान्दिनी असे कसलेले वादक होते. पियानो आणि ऑर्गनचे वजनदार काम आहेच, पण कथा पुढे नेतात ते माणसांचे आवाज. या काळातल्या अनेक नामांकित इटालियन तबकड्यांमध्ये वादन पुढे आणि गायन मागे असते. इथे पॉपमध्ये घासूनपुसून तयार झालेले चार गळे एका गावाची भीती उभी करतात, आणि म्हणूनच ती अंगावर येते.

तबकडी निघाली तो काळ तापलेला होता. सप्टेंबर १९७० मध्ये माफियावर लिहिणारे पत्रकार माउरो दे माउरो पालेर्मोतून बेपत्ता झाले होते. ५ मे १९७१ रोजी त्याच शहरात मुख्य सरकारी वकील पिएत्रो स्काल्योने यांची माफियाने हत्या केली. ‘राई’ या सरकारी प्रसारण संस्थेने तबकडीला जवळजवळ दारच बंद केले. देशात प्रसारणाचा मक्ता तिच्याकडेच होता आणि स्थानिक खासगी केंद्रांना न्यायालयाने वाट मोकळी करून दिली ती १९७६ मध्ये. रेडिओवर वाजले नाही ते दुकानात कोणी मागत नसे. तबकडी पडली, ती संगीत कमी पडले म्हणून नव्हे.

यानंतर बँड फुटला. ताव्होलात्सी ‘आरेआ’ या बँडमध्ये गेला. मिनो दी मार्तिनो प्रायोगिक संगीताकडे वळला आणि १९७५ मध्ये गायक-संगीतकार फ्रांको बात्तियातोसोबत ‘तेलायो मान्येतिको’ या अल्पजीवी समूहात वाजवू लागला. तबकडी पुढे संग्राहकांनी शोधून काढली, तिच्या नव्या आवृत्त्या निघाल्या आणि आज इटालियन प्रोग्रेसिव्ह रॉकच्या चाहत्यांमध्ये तिचे नाव आदराने घेतले जाते.